ती बॅग माझी नव्हती

३ जून, मंगळवार

कुणाला कशाची पडलेलीच नाही! अख्खी दुपार बूटवाल्या अध्यक्षांच्या दुकानामागच्या खोलीत गेली. खोक्यांवर बसून मीटिंग. स्टेशनपासून स्टेडियमच्या मोठ्या फाटकापर्यंत हा एकच रस्ता, आणि फुटबॉलच्या स्पर्धेला येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस ह्याच रस्त्याने जाणार. दोन्ही बाजूंना ही छोटी छोटी दुकानं. मी घसा कोरडा करत होते, ते चहा ढोसत होते.

मी म्हटलं, मोठ्या दुकानांकडे स्वतःचे सुरक्षावाले असतात. तुमच्याकडे कोण आहे?

"तुम्ही आहात की, ताई!" सलूनवाला म्हणाला. सगळे खो खो हसले.

ह्या सलूनवाल्याला अख्खा रस्ता 'दवंडी' म्हणतो. तोंडावर म्हटलं तरी चिडत नाही, उलट मान तुकवतो. खुर्चीत बसलेल्याची दाढी होईपर्यंत त्याच्या घरातलं भांडण चौकात पोचलेलं असतं म्हणे.

व्यापारी मंडळाने मला सुरक्षेचं बघायला नेमलंय खरं. पण पोलिसांनी सांगितलं म्हणून नेमलंय. अध्यक्षांचा चेहरा दात काढायला बसलेल्या माणसासारखा होता. स्पर्धा सुरू व्हायला दोन आठवडेसुद्धा नाहीत.

५ जून, गुरुवार

डोकं ठणकतंय. पण लिहून ठेवते, नाहीतर उद्या वाटेल की मी वाढवून सांगते.

औषधाच्या दुकानाला मागचं दार आहे. ते उघडत नाही. का? तर त्याला टेकून औषधांचे खोके छतापर्यंत रचलेत. आग लागली तर औषधवाल्या बाई आणि त्यांचं गिऱ्हाईक बाहेर पडणार कुठून? बाई म्हणाल्या, "इतकी वर्षं लागली नाही." आता ह्यावर काय बोलायचं!

बेकरीवाल्याचा सिलिंडर जायच्या-यायच्या वाटेत. फुलवालीच्या पत्र्याच्या टपरीला कुलूपच नाही, दोरी बांधते. आणि दवंडीचा कॅमेरा—छान काळा, दारावर रोखलेला. मी स्टुलावर चढून बघितलं. आत काहीच नाही! नुसतं खोकं!

"चोराला कुठे कळतंय ताई?"

"तुम्ही किती जणांना सांगितलंय?"

जरा विचार करून म्हणाला, "सगळ्यांना."

मी हसू दाबलं. दाबायला नको होतं की दाबायला हवं होतं, कळत नाही.

औषधवाल्या बाईंच्या मागे लागून ते खोके काढून घेतलेच. दार उघडलं तर मागे बोळ आणि बोळाच्या पलीकडे मोठं मोकळं मैदान. बाई स्वतःच बघत राहिल्या. विसरल्या होत्या म्हणे.

६ जून, शुक्रवार

पोलीस निरीक्षक बाई भेटल्या. कमी बोलतात. "धोका आहे का?" विचारलं तर म्हणाल्या, "धोका नसता तर मी तुमच्याबरोबर चहा पीत बसले नसते." एवढंच.

९ जून, सोमवार

आज पहिली परीक्षा घेतली त्यांची. कुणालाही न सांगता.

जुनी करडी बॅग घेतली, आत रद्दी कोंबली. आधी बेकरीत टेबलाखाली ठेवली आणि समोर जाऊन उभी राहिले. कुणी बघितलंसुद्धा नाही. मग फुलवालीच्या टपरीला टेकवून ठेवली. तिने उचलून जरा बाजूला सरकवली आणि तिच्यावर फुलांची टोपली ठेवली! मग सलूनमध्ये. तिथे वाट बघत बसलेल्या एका गिऱ्हाइकाने आरामात तिच्यावर पाय ठेवले आणि डुलकी काढली.

उद्या सगळ्यांसमोर सांगणार आहे. कुणाला राग येवो, कुणाला लोभ.

१० जून, मंगळवार

राग आला. सगळ्यांनाच.

बेकरीवाला म्हणाला, "आम्ही पाव भाजायचे की बॅगा मोजायच्या?" अध्यक्ष म्हणाले, "हा आमचा अपमान आहे." मी म्हटलं, अपमान परवडला.

मग फळ्यावर तीनच गोष्टी लिहिल्या. हात लावायचा नाही. लोकांना लांब करायचं. फोन करायचा. सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घेतल्या, शाळेतल्यासारख्या. फुलवाली लाजत होती, तरी सगळ्यांत खणखणीत आवाज तिचाच.

निघताना औषधवाल्या बाई हळूच म्हणाल्या, "अशी बॅग खरंच आली तर माझे पाय लटपटतील हो." मी म्हटलं, माझेही. खरं तेच सांगितलं.

१३ जून, शुक्रवार

जमलं! जमलं!

बॅग औषधाच्या दुकानात ठेवून मी वळते न वळते तोच बाईंचा फोन—"ताई, बाकाजवळ बेवारस बॅग आहे, मी गिऱ्हाइकांना बाहेर काढलंय." सगळं बरोबर केलं. बेकरीतही तसंच. फुलवालीने तर आरडाओरडा न करता, नुसते हात पसरून लोकांना मागे सारलं—कोंबड्या हाकलतात तसं. तेच तर हवं असतं. ओरडलं की माणसं धावतात, धावली की एकमेकांना तुडवतात.

आता त्यांनी ह्याचा खेळच केलाय. ज्याला बॅग सापडेल त्याला बाकीच्यांनी चहा पाजायचा. दवंडीने गल्लीभर जाहीर केलं. मला वाटलं, करू देत. खेळातून का होईना, डोळे उघडे राहतात.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं करून दाखवलं. तो म्हणाला, "आज बऱ्याच दिवसांनी हसलीस."

१४ जून, शनिवार

पहिला सामना झाला.

मी माणसं बघितलीच नाहीत, नुसती डोकी बघितली. रस्ता दिसतच नव्हता. गाणी, पिपाण्या, तोंडं रंगवलेली. प्रत्येकाच्या पाठीला पिशवी! प्रत्येकाच्या! कुठली बेवारस आणि कुठली कुणाची, कसं ओळखायचं? मी औषधाच्या दुकानाबाहेर टेबल टाकून बसले होते, मंडळाने दिलेला बिल्ला लावून.

काही झालं नाही. एकाचा फोन गेला, दोघे दारू पिऊन बेकरीसमोर आडवे झाले. बस.

सासरे—मी त्यांना बाबाच म्हणते—फुटबॉलपायी वेडे आहेत. उपांत्य सामन्याचं तिकीट त्यांनी केव्हाच काढून ठेवलंय. त्यांचं आणि लेकीचं. आज टीव्हीसमोर बसून दोघांनी घसा बसवून घेतला. मी म्हटलं, बाबा, घरूनच बघा ना तोही. माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांचा श्वास मागितला.

२० जून, शुक्रवार

आज भलतंच झालं.

बॅग मी सलूनच्या पायरीशी ठेवली होती. थोड्या वेळाने बघते तर दवंडी ती बोटाला लटकवून, झोके देत, शीळ घालत माझ्या टेबलाकडे येतोय! "हरलात ताई! ही घ्या तुमची बॅग. आज चहा बूटवाल्यांकडे!"

मी भडकले. "हात लावायचा नाही! पहिलीच गोष्ट काय होती?"

"अहो, पण तुमचीच आहे हे शेंबडं पोरसुद्धा ओळखेल."

"आणि माझी नसली तर?"

"दुसऱ्या कुणाकडे इतकी भिकार बॅग असेल?"

सगळे हसले. मीही. हसायला यायला नको होतं, पण त्याने तोंडच असं केलं! संध्याकाळपासून मात्र जीव थाऱ्यावर नाही. त्यांना सावध करायला गेले आणि त्यांची भीतीच घालवून बसले की काय?

२३ जून, सोमवार

निरीक्षक बाईंशी बोलले. म्हणाल्या, परीक्षा बंद करा. आजपासून. बॅग दिसली तर ती खरीच धरायची.

दुकानादुकानात जाऊन सांगितलं. ग्रुपवरही टाकलं. सलूनमध्ये तुडुंब गर्दी होती—दवंडी केस कापता कापता, मागे न बघता म्हणाला, "कळलं कळलं." ऐकलं का खरंच? उद्या परत सांगते.

२४ जून, मंगळवार

सलून बंद. लग्नाला गेलाय म्हणे. उद्या उपांत्य सामना सुरू होण्याआधी गाठते त्याला.

२५ जून, बुधवार

लिहिता येत नाही. सगळे घरी आहेत. सुखरूप आहेत. एवढंच.

२६ जून, गुरुवार

आज लिहिते.

काल सकाळपासूनच गर्दी लोटली. दवंडीला गाठायचं राहून गेलं—सलूनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, लोक तोंडं रंगवून घ्यायला तिथेच रांग लावून. बाबा आणि लेक माझ्या टेबलासमोरून गेले. लेकीने गर्दीतून हात हलवला. बाबांच्या डोक्यावर ती हास्यास्पद टोपी.

सामना सुरू व्हायच्या बेतात होता. उशिरा आलेले लोक घाईत, ढकलाढकली करत फाटकाकडे निघालेले. तेवढ्यात आवाज आला, "ताई! सापडली! आज सगळ्यांकडून चहा!"

दवंडी. अंगावर सलूनचा एप्रन, हात उंच केलेला आणि हातात करडी बॅग.

माझी बॅग घरी होती. माळ्यावर.

मी म्हटलं, "ही माझी नाही."

"दर वेळी असंच म्हणता!" हसत हसत पुढे आला. मग त्याने माझ्याकडे नीट बघितलं. हसू एकदम गेलं—दिवा गेल्यासारखं. झोके थांबले. बॅग त्याने दोन्ही हातांत धरली, बाळ धरतात तशी.

"दुकानात बाकाखाली होती," हळूच म्हणाला. "जड आहे, ताई."

मी म्हटलं, खाली ठेवा. सावकाश. आणि लांब व्हा.

त्याने इकडेतिकडे बघितलं. एका बापाच्या खांद्यावर पोरगी बसलेली. चार बायका हातात हात घालून गात चाललेल्या. माझ्या टेबलाला टेकून एक म्हातारा बुटाची नाडी बांधत होता.

"ठेवू कुठे?" दवंडी म्हणाला.

इतके दिवस सगळ्यांना शिकवत होते—आणि हे शिकवलंच नव्हतं! शिकवलेलं सगळं पाळायचं तर ती बॅग त्या पोरीच्या बापाच्या पायाशी ठेवावी लागली असती.

तो वळला आणि औषधाच्या दुकानात शिरला. "बाजूला व्हा, जरा बाजूला व्हा," अगदी नेहमीच्या आवाजात. काउंटरच्या पलीकडून, मागच्या दारातून बोळात. बोळातून मैदानाकडे. औषधवाल्या बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी नुसती मान हलवली. त्यांना कळलं. पाय लटपटले नाहीत त्यांचे. गिऱ्हाइकांना दंडाला धरून बाहेर काढलं, "दुकान बंद होतंय, चला चला."

मी फोन लावला. एका हाताने फोन, दुसऱ्याने फुलवालीला खूण. तिने हात पसरले. बेकरीवाल्याने शटर ओढलं, अध्यक्ष रस्त्याच्या मधोमध उभे राहून ओरडायला लागले—"सामना सुरू झाला! लवकर चला! पुढे चला!" काय सुचलं त्यांना! लोक पळाले, पण फाटकाच्या दिशेने, हसत. रस्ता बघता बघता मोकळा झाला. कुणाला कळलंसुद्धा नाही.

मी मागच्या दारात गेले. दवंडी मैदानाच्या पार पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचला होता. वाकला. बॅग ठेवली. आणि परत यायला लागला. चालत! पळाला नाही. मी ओरडत होते, पळा, पळा! नंतर म्हणाला, "गुडघ्यांनी ऐकलंच नाही, ताई."

तो अर्ध्या मैदानात असताना तो आवाज झाला. प्रचंड. जमीन हादरली. मी डोकं धरून खाली बसले.

गोल झाला होता. स्टेडियम ओरडत होतं.

पोलीस आले, मैदानाला वेढा पडला, जाडजूड पोशाखातली माणसं आत गेली. आम्हाला सगळ्यांना रस्त्याच्या टोकाला हलवलं. बाबा आणि लेक आत होते. मी फोन हातात धरून उभी. काय सांगणार? बाहेर या? एकाने दुसऱ्याला सांगितलं असतं, दुसऱ्याने दहांना—आणि फाटकात काय झालं असतं! मी फोन केला नाही. माझी लेक आत होती आणि मी फोन केला नाही.

सामना संपायच्या आधी निरीक्षक बाई आल्या. चेहऱ्यावर काहीच नाही. "जुने कपडे आहेत. घरी जा."

मी गटारीच्या कडेला बसून ओकले. मग रडले. मग हसले. दवंडीला निरीक्षक बाई जबानीसाठी घेऊन गेल्या—बॅग त्याच्या दुकानात सापडली म्हणून.

लेक घरी आली ती घसा बसवून. "आई, तुला गोल ऐकू आला का?"

२७ जून, शुक्रवार

पेपरात कोपऱ्यात चार ओळी. 'कपड्यांच्या बॅगेने तारांबळ.' तारांबळ!

३० जून, सोमवार

काल अंतिम सामना झाला. शांततेत. निरीक्षक बाईंची माणसं दुपटीने होती, मला टेबलसुद्धा टाकावं लागलं नाही.

रस्ता आता दवंडीला 'धोबी' म्हणतो. कपडे मैदानावर पोचवले म्हणून! कुणी दिसलं की, "काय हो, माझेही दोन शर्ट आहेत, पोचवता का?" आणि तो? तो स्वतःच सगळ्यांच्या वरताण! दोन दिवस सलून बंद ठेवलं, मग उघडलं तेव्हापासून एकच नाटक चालू आहे. टॉवेलची बॅग करतो, कुशीत घेतो, डोळे फिरवतो, गुडघे थरथरवतो. "आणि मी मनात म्हणतोय, देवा, निदान बायकोला कळू दे मी शूर होतो! आणि आत काय? चड्ड्या!" खुर्चीतला माणूस हसून हसून साबण गिळतो. बाकावर पेपर वाचत बसलेलेही हसतात.

मला बघवत नाही. त्या दिवशी तो चड्ड्यांकरता चालत गेला नव्हता. त्याला काय माहीत होतं आत काय आहे!

४ जुलै, शुक्रवार

अध्यक्षांनी बोलावलं. काम संपलं. आभार वगैरे. मग म्हणाले, "राग मानू नका, पण लोक म्हणतात, बाईंनी उगीच घाबरवलं. औषधवाल्या बाईंचं दुकान उरलेला दिवस बंद राहिलं, बेकरीचा माल वाया गेला. तुमच्या त्या खोट्या बॅगा नसत्या तर दवंडीने ती उचललीच नसती."

हे शेवटचं खरं आहे. तेच तर रात्रंदिवस डोक्यात आहे.

नवरा म्हणतो, सोड. कसं सोडू?

७ जुलै, सोमवार

दवंडीकडे गेले होते. खास त्याच्यासाठी. म्हटलं, माझं चुकलं. खेळ होऊ दिला मी त्याचा. तुमचा जीव गेला असता.

त्याने वस्तरा पुसला. "कपडेच होते की, ताई."

"तुम्हाला माहीत नव्हतं तेव्हा."

"ते जाऊ द्या. तुम्ही नीट झोपता ना?"

मी म्हटलं, नाही.

तो काहीतरी बोलणार असं वाटलं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, कुणी नवीनच, आणि म्हणालं, "तो बॅगवाला किस्सा तुमचाच ना?" की लगेच टॉवेल कुशीत घेऊन सुरू! मी निघून आले. जरा रागच आला. माणसाला कशाचंच काही वाटू नये?

११ जुलै, शुक्रवार

निरीक्षक बाई घरी आल्या होत्या. आज सांगता येईल म्हणाल्या. कपडे होते, पण वरवर. खाली जे होतं त्याने तो रस्ता उरला नसता.

दवंडीला त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. बॅग ठेवणारा त्याच्याच खुर्चीत बसून गेला होता. तोंड फक्त त्याने बघितलेलं. बाई म्हणाल्या होत्या, जेवढे लोक हसतील तेवढं बरं, म्हणजे तो बेफिकीर होऊन परत येईल. बाकावर पेपर वाचणारा रोज पोलीस असायचा.

काल तो माणूस परत आला. दाढी करायला. खुर्चीत रेलून विचारलं, त्या बॅगेचं काय झालं म्हणे? बाहेर पोलीस जमेपर्यंत त्याला बसवून ठेवायचं होतं. दवंडीने दोनदा साबण लावला. सगळा किस्सा रंगवून सांगितला, हसवलं त्याला—गळ्यावर वस्तरा चालवत.

एक ओरखडासुद्धा नाही, बाई म्हणाल्या.